धर्मबापाचा पेला

साखळीचा फासा लागला, पण पदक गळ्याच्या खळीत काही बसेना. गाठीवर चढून ते तिरकं राहिलं. एवारिस्तोने ते बोटाने दोनदा सारखं केलं, मग नाद सोडला आणि मांडवाकडे वळून हसला. टाळ्या पडल्या. मुलगी पंधराची झाली की धर्मबापाने तिच्या गळ्यात ग्वादालुपेच्या माऊलीचं पदक घालायचं, ही रीत. गळ्याला गाठ असली तर काय करायचं, ते रीतीत कुठे नव्हतं.

यारेलीही हसली, ओठ मिटून. ती नेहमी तशीच हसायची. एल तेपोसान गावातल्या निम्म्या पोरांचे दात तपकिरी, पण तिच्याइतके कुणाचेच नव्हते.

तिची आई ओतिलिया चुलीपाशी उभी राहून बघत होती. तिने जाळात आणखी एक लाकूड सरकवलं.

गावाच्या पाणी समितीचा अध्यक्ष हाच एवारिस्तो. पोरांचे दात असे का, म्हणून बारा वर्षांपूर्वी बायका गाऱ्हाणं घेऊन गेल्या, तेव्हा तो म्हणाला होता, "बोअरचं पाणी उकळून प्या. चांगलं खळखळून उकळा." यारेली तेव्हा तीन वर्षांची. ओतिलिया कामाला वाघ; घेवडा शिजत ठेवावा तसं तिने तासतासभर पाणी उकळलं आणि लेकीला तेच पाजलं. पुढे गाठ निघाली, तर थायरॉइडची गोळीही रोज सकाळी त्याच पाण्याबरोबर दिली. शेजारची चोले आळशांची राणी, तिने एक दिवस पाणी उकळलं असेल तर शपथ. तिच्या पोरांचे दात बरे निघाले.

पंधरा दिवसांपूर्वी समितीची खोली झाडताना कपाटाच्या तळाशी अंथरलेला एक कागद ओतिलियाच्या हाती लागला. पाणी तपासल्याचा, बारा वर्षांपूर्वीचा, खाली एवारिस्तोची सही. दवाखान्यातल्या केता नर्सने तो दोनदा वाचला.

"फ्लोराइड आहे गं. चालतं त्याच्या पाचपट. उकळून जात नाही ते. पाणी उडून जातं, हे खाली राहतं."

"म्हणजे मी..."

"तू घट्ट करून पाजलंस, बाई."

"आणि गाठ?"

"ती ह्यानेच झाली असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. पण हे पाणी तोंडाला लावू नका, एवढं छातीठोक सांगतात."

त्या रात्री ओतिलिया रडली नाही. बोअर बंद झाली असती तर तिच्याच पाण्यावरचं एवारिस्तोचं लसूणघासाचं शेत वाळलं असतं, एवढं कळायला नर्स लागत नव्हती. आणि गेली बारा वर्षं तो शहरातून पाण्याच्या बाटल्या आणत होता. लोक म्हणायचे, मोठा माणूस, पोट नाजूक.

आताही जेवायला बसताना त्याने आपली बाटली मेजावर ठेवली. ओतिलियाने ती उचलली आणि कोंबड्यांच्या थाळीत ओतून टाकली.

"अहो कोमाद्रे, हे काय?"

"माझ्या लेकीचा धर्मबाप, माझा कोंपाद्रे, आणि माझ्या दारात बाहेरचं पाणी पिणार? नाक कापता का माझं?"

लोक हसले. तिने त्याच्यापुढे अंबाडीच्या फुलांच्या सरबताचा पेला ठेवला. बाकीच्यांचे पेले मोठ्या पिंपातून भरले होते. हा चुलीवरच्या पातेल्यातून आला. "उचला. लेकीच्या नावाने."

कोमाद्रेच्या, म्हणजे धर्मलेकीच्या आईच्या, हातचा पेला नाकारायचा म्हणजे नातं तोडायचं. एवारिस्तोने उचलला. सगळ्यांनी उचलले.

"बोअरचं नाही ना?" त्याने हळूच विचारलं.

"बोअरचंच," ओतिलिया मोठ्याने म्हणाली. "पण घाबरू नका, काल दुपारपासून उकळतंय. पातेलंभर होतं, त्याचा हा एवढा पेला झाला. तुम्हीच सांगितलं होतंत ना, चांगलं खळखळून?"

पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"पी की रे बाबा!" चोले ओरडली. "विष आहे का त्यात?"

दोघंतिघं हसले. मग हसणं थांबलं, कारण एवारिस्तो पीत नव्हता. त्याने पेला खाली ठेवला.

"मला... डॉक्टरांनी मनाई केलीय."

"कशाची? पाण्याची?" ओतिलियाने एप्रनच्या खिशातून कागद काढून पेल्याशेजारी उलगडला. "बारा वर्षं तुम्हाला मनाई, आणि आम्हाला खळखळून?"

केता नर्सने उभं राहून कागद वाचून दाखवला, सहीसकट. सगळं संपेपर्यंत मांडवातले पेले एकेक करून खाली आले. पिंपातलं ते सरबत शहरच्या पाण्याचं होतं, पण कुणी विचारायलासुद्धा थांबलं नाही.

एवारिस्तो टोपी घेऊन उठला. यारेलीने त्याचा दंड धरला.

"पाद्रीनो, फोटो राहिला की."

धर्मबापाबरोबरचा हा फोटो त्याच्या दिवाणखान्यात लागतो, तीही रीतच. फोटोवाला पुढे आला आणि सवयीने म्हणाला, "यारेली, ओठ मिटून हं."

तिने आईकडे पाहिलं. मग एवारिस्तोच्या गालाशी गाल लावला आणि तोंड उघडून हसली, पार दाढा दिसेपर्यंत.

"काढा," ओतिलिया म्हणाली. "जवळून काढा. आणि मोठा करून द्या त्यांना, रोज जेवताना समोर दिसेल एवढा."