पुरळ

विज्ञानाच्या नव्या बाईंच्या दंडावरचं लालभडक पुरळ बघून चित्रकलेच्या बाईंना घास गिळवेना. मुख्याध्यापकांनाही किळस आली असावी; येता-जाता प्रत्येकीच्या दंडावर रेंगाळणारा त्यांचा हात नव्या बाईंपासून मात्र चार हात लांब असायचा.

शाळा सुटल्यावर नव्या बाई बेसिनपाशी दंड धुताना दिसल्या. पुरळ विरघळून लाल पाणी वाहत होतं.

"सातवीला हेच शिकवते हो, बाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "विषारी फुलपाखराचे रंग घेतले की साध्या फुलपाखरालाही पक्षी तोंड लावत नाहीत. लाल रंग तुमच्याच कपाटातला घेतला."



चित्रकलेच्या बाईंनी स्वतःची बाही वर सारली आणि ब्रश पुढे केला. "नुसत्या लालने भागायचं नाही. कडेने जरा पिवळा द्या, पू झाल्यासारखा."