शेवटच्या कामगाराचा सत्कार
बाबल्याचा निळा सदरा पुतळ्याच्या अंगात चपखल बसला होता. सदरा मागून नेला तेव्हा बंद कारखान्याचं संग्रहालय करणाऱ्या ऋजुता मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, उद्घाटनाला नक्की या. कारखान्याच्या शेवटच्या कामगाराचा सत्कार आहे.” भाट्याच्या खाडीकाठच्या त्या बर्फ कारखान्याला कुलूप बाबल्यानेच लावलं होतं. तेव्हा दुसरं कोण असणार? त्याने अख्ख्या वाडीला सांगून टाकलं. आज दाढी करून, बायकोला घेऊन तो मागच्या रांगेत बसला होता. शाल-नारळ ठेवायला तुळसाने घरून पिशवी आणली होती.

कारखाना लग्नघरासारखा नटला होता. जांभ्याच्या भिंती घासूनपुसून दिव्यांत उजळल्या होत्या. बर्फ फोडायच्या ज्या यंत्राने बाबल्याच्या उजव्या हाताची बोटं खाल्ली, त्यालाही रंग देऊन झेंडूची माळ घातली होती. यंत्राशेजारी मंचावर तो फायबरचा पुतळा, हात पुढे करून उभा.

“आता शेवटच्या कामगाराचा सत्कार!” माइकवर मॅडमचा आवाज आला.

बाबल्या उठला. खिशातला उजवा हात बाहेर काढावा की नाही, याचाच विचार करत मंचावर चढला. प्रमुख पाहुण्यांनी शाल उलगडली आणि त्याला वळसा घालून पुढे जाऊन पुतळ्याच्या खांद्यावर पांघरली. पुतळ्याच्या हातात नारळ ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाबल्याला भर सभेत मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मॅडम, मी आलोय,” तो कसाबसा म्हणाला.

“बरं झालं, काका! हुबेहूब तुम्हीच ना?”

“पन त्याला बोटां सगळी हायत.”

“अहो, तुटका हात बघून पोरं घाबरतील.”

तेवढ्यात पुतळ्याच्या गुळगुळीत पंजातून नारळ निसटला आणि गडगडत बाबल्याच्या पायाशी आला. त्याने वाकून दोन्ही हातांनी उचलला.

“काका, तेवढा नीट बसवा ना त्याच्या हातात. फोटो राहिलाय.”

बाबल्याने नारळ त्या पाच बोटांत बसवला. फोटोवाल्याने त्याला दंडाला धरून बाजूला केलं.

मागच्या रांगेत तुळसा अजून टाळ्या वाजवत होती. तिला लांबचं धड दिसत नसे. नवरा मंचावर, हातात नारळ, एवढं मात्र दिसलं होतं. तो येऊन शेजारी बसताच तिने पिशवीचं तोंड उघडून धरलं.

“आदी नारळ टाका,” ती म्हणाली. “शाल वर ठेवू, नायतर मळंल.”