साबणाचं पाणी

वाडीतल्या निकेल चढवायच्या कारखान्यासमोर गटार तुंबलं होतं. ते साफ करायला आलेला लहानू चेंबरचं झाकण सरकवून थांबला. आत हवा बरी असली की झुरळं बाहेर पळतात. आज एकही निघालं नाही. “सकाळी काय सोडलं, भाऊ?” “साबणाचं पाणी,” मालक जितेंद्र म्हणाला. चुना घालून निष्प्रभ केल्याशिवाय ॲसिड गटारात सोडू नये, अशी पाटी त्याच्या मागेच होती. तिच्याखाली चुन्याची न फोडलेली पोती. लहानूनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक जितेंद्रच्या हातात दिलं. “ज्याचं गटार, त्यानंच दोर धरायचा. माहा नेम आहे.” तो पहिली पायरी उतरला. दोर ताणला जाताच जितेंद्रनं तो ओढला. “वर ये गा. ॲसिड सोडलं.” लहानू वर येऊन गाठ सोडत बसला. “माह्या भावालेही साबणाचंच पाणी सांगतलं होतं. तेव्हा दोर मी धरला होता.”