अबोल्यातला कोड

कॉलेजच्या खात्यात शिरायला आता पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोडही लागतो. देवस्थळी सरांचा फोन सतत हरवतो, म्हणून त्यांनी बायकोचा नंबर दिलेला. तिच्याशी मात्र रविवारपासून अबोला. आणि गुण भरायची मुदत आज पाचला संपणार.

स्क्रीन: कोड पाठवला आहे.

त्यांनी ऑफिसातून फोन लावला. "कोड आलाय का?"

"कोण बोलतंय?"

"मी."

"अनोळखी माणसाला कोड सांगू नका, असं लिहिलंय इथे."

स्क्रीन: कोडची मुदत संपली. नवा पाठवला आहे.

"नलू, कार्यक्रमात तू गात असताना मी झोपायला नको होतं."

"झोपलात त्याचं काही नाही. बेसूर घोरलात."

"चुकलंच."

तिने आकडे सुरात सांगितले.

स्क्रीन: हा संगणक लक्षात ठेवू का? पुन्हा कोड लागणार नाही.

सरांनी 'नको'वर टिचकी मारली.