झेंड्याची दोरी

या वर्षी वसाहतीच्या वर्धापनदिनाला झेंडा मेजर फडकावणार, असं सेक्रेटरींनी जिन्यात जाता जाता सांगितलं आणि सुभेदारांच्या हातातली भाजीची पिशवी एकदम जड झाली.

"त्यांचा हुद्दा वरचा ना," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"छे, वाईट कसलं," सुभेदार म्हणाले आणि पांढऱ्या मिशीवरून हात फिरवत वर गेले.

वसाहतीत आल्या दिवसापासून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. ताठ कणा, आरशासारखे बूट, कडक इस्त्री. दुसरं काही म्हणायला कुणाची जीभ वळलीच नसती. झेंड्याची दोरी दर वर्षी त्यांच्याच हातात असे. संध्याकाळी ते बागेतल्या बाकावर बसले की भोवती कोंडाळं जमे. पायदळाचा कॅप्टन आणि नौदलाचा कॅप्टन यांना एका पंगतीला बसवू नका, असं ते सांगत. पायदळाच्या कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे. नौदलाच्या कॅप्टनच्या बाहीवर चार सोनेरी पट्ट्या, आणि मान थेट कर्नलचा. एखादा तारा सूतभर इकडे-तिकडे झाला तरी त्यांना लांबून दिसायचा. लढाईबद्दल कुणी विचारलं की मात्र ते गप्प होत. माणसानं बरंच सोसलेलं दिसतंय, असं लोक म्हणत, आणि आदर आणखी वाढे.

मग समोरच्या इमारतीत मेजर राहायला आले. एकटेच, उंच, जरा वाकलेले. फौजेबद्दल ते आपण होऊन अवाक्षर काढत नसत. कुणाचा गळका नळ दुरुस्त करून देत, कुणाच्या आजारी आईजवळ बसत, स्वतःवरच विनोद करत. बघता बघता बाकाभोवतीचं कोंडाळं बागेच्या दुसऱ्या टोकाला सरकलं. सुभेदार एकटे बसून तिकडचं हसणं ऐकत. दुधात मिठाचा खडा पडावा तसं त्यांचं मन नासलं. मेजरांची चाल त्यांना ढिली वाटू लागली, बोलणं मिळमिळीत, बुटांना पॉलिश कमी. आणि आता तर दोरीही गेली.

त्याच आठवड्यात एका शेजाऱ्याचा निवृत्तीचा समारंभ होता. मेजर गडद कोट घालून आले. कोटावर एकच पदक होतं, आणि ते उजव्या छातीवर. सुभेदारांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उजव्याच.

घरी आले ते तरंगतच.

"तोतया आहे तो," त्यांनी बायकोला सांगितलं. "हजारो गणवेश पाहिलेत मी. पदक डावीकडेच असतं. याला तेवढंही ठाऊक नाही."

बायको वाटाणे सोलत होती. असेल, आपल्याला काय करायचंय, असं ती म्हणाली.

"लोकांना फसवतोय तो."

तिचा हात थांबला. "झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या."

"त्याची?"

"कुणाचीही," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

सुभेदारांनी ऐकलं नाही. मत्सर कानात बसला की दुसरं काही आत शिरत नाही. कुणी विचारलं की मेजर ज्या पलटणीचं नाव सांगत, त्याच पलटणीचे एक निवृत्त जनरल शहरात राहतात, असा त्यांनी पत्ता लावला आणि त्यांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलवा, असं सेक्रेटरींना सुचवलं. सेक्रेटरी खूश झाले. समारंभाच्या सकाळी बायको म्हणाली, अंग दुखतंय म्हणून सांगा, घरीच थांबा. सुभेदार बुटांना ब्रश मारत राहिले. मेजराचं तोंड त्यांना जवळून बघायचं होतं.

जनरल काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. तोच गडद कोट घातलेले मेजर झेंड्याच्या खांबाशी गेले. त्यांनी दोरी हातात घेतली, तेवढ्यात सुभेदार पुढे झाले.

"मेजरसाहेब, एक शंका आहे," ते शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. "फौजेत पदक कुठल्या छातीवर लावतात?"

मेजर दोरी धरून खाली बघत राहिले.

"डाव्या," सुभेदारच म्हणाले. "ज्यानं कमावलंय, तो हे विसरत नाही."

खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. जनरल काठीवर भार देऊन सावकाश उठले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आपण कमावलेलं डावीकडे. घरचं माणूस लढाईत कामी आलं, तर त्याचं उजवीकडे. हे यांच्या मुलाचं आहे. यांची स्वतःची बरीच आहेत. तो गेल्यापासून ती यांनी लावलेली नाहीत."

सुभेदारांना धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तोच मेजरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या, सुभेदार," ते हळू म्हणाले. "नसेल आलं लक्षात. होतं असं."

"सुभेदार?" जनरलांनी मान वळवली. ते दोन पावलं जवळ आले, चष्मा सारखा केला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, मास्टर तुम्ही!" त्यांनी सुभेदारांचे दोन्ही हात हातात घेतले आणि कौतुकानं सगळ्यांकडे वळले. "छावणीच्या फाटकाशी यांचं शिलाईचं दुकान होतं. माझ्या खांद्यावरचे पहिले तारे यांनीच शिवले. पण मास्टर, तुम्ही फौजेत भरती कधी झालात?"