विमानात किती जण?

अगं केतकी, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. विमान उडवायला शिकवणारे आमचे घैसास सर आज विमानातून उतरले आणि म्हणाले, "जा, एकटी चक्कर मारून ये. रेडिओवर चुकीचं बोललीस, तर महिनाभर सोलो विसर." माझं पहिलं एकटीचं उड्डाण गं!

शेजारची सीट रिकामी, विमान इतकं हलकं की भुर्रकन वर गेलं. मी तर गाणंच म्हणायला लागले. उतरायच्या आधी टॉवरवरच्या मॅडमनी विचारलं, "विमानात किती जण?" चार महिने सर शेजारी असायचे. सवयीनं तोंडून गेलं, "दोन."

मॅडम म्हणाल्या, "दोन? नक्की?"

आता चूक कबूल केली तर सोलो गेलं ना! मी ठणकावून सांगितलं, "हो, दोनच."

काय अलगद उतरवलं म्हणून सांगू! पहिल्या सोलोनंतर भिजवायची रीत आहे ना, बरोबर शिकणारी पोरं पाण्याची बादली घेऊन धावत आली. सरांनी त्यांना थांबवलं. उड्डाणं नोंदवायचं माझं लॉगबुक मिटून म्हणाले, "टॉवरच्या नोंदीत विमानात दोघं होते. मग हे सोलो कसलं?"

तूच सांग, माझ्या जागी तू काय बोलली असतीस?