बावन्न किलोंचं सामान

“ही कोंबडीने शिवलीय,” हस्तबहादुर म्हणाला आणि पाचवी पाठपिशवी त्याने काठीच्या टोकाने परत सरकवली.

इंदिरमाया तुलाचनने ती उचलली. खोलाबेसीच्या बाजारात ती चौदा वर्षं फौजी माल विकत होती. बूट, तंबू, हिरव्या पाठपिशव्या. थोडा माल खरोखर फौजेतला, बाकीच्याने फौजेचं नुसतं नाव ऐकलेलं. पण बसल्या जागेवरून हुकूम सोडणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं. ती चहाचे ग्लास धुऊन बाहेर आली, तेव्हा हा म्हातारा तिच्याच स्टुलावर, मांडीवर शाल टाकून, दुकान बापाचं असल्यासारखा बसला होता. त्याची बायको जुनमाया शेजारी उभी. तिला तू बस म्हणायचंही त्याला सुचलं नव्हतं.

काम निकडीचं होतं. ते त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. वर थुमकीडांड्यावर दर मंसीर महिन्यात त्याच्या पलटणीतले म्हातारे जमायचे. आधी मेलेल्यांची नावं वाचायची, प्रत्येकाच्या नावाने पेलाभर रक्सी, म्हणजे घरगुती दारू, जमिनीवर ओतायची, मग उरलेली जिवंतांनी संपवायची. हस्तबहादुर दोन वर्षं गेला नव्हता. गेल्या खेपेला त्यांनी त्याचंही नाव वाचलं आणि पेला ओतून मोकळे झाले.

“नाचणीची होती म्हणे,” तो म्हणाला. “चांगली मुरलेली. गेली मातीत.”

आज संध्याकाळी वर पोचून त्याला ते नाव खोडून घ्यायचं होतं. आणि जीपचा रस्ता तर पावसाळ्यातच दरडीखाली गेलेला. उरली होती दुकानामागून जाणारी पायऱ्यांची वाट. तीन तासांची चढण.

सामान किती, म्हणून इंदिरमायाने विचारलं.

“बावन्न किलो,” जुनमाया म्हणाली. “काल गिरणीत वजन करून घेतलंय. जुनं सामान आहे, दिदी. कुरकुरतं फार.”

आणि वाहणार कोण?

“मीच की.”

इंदिरमायाचं डोकंच फिरलं. असले लाहुरे तिने उभ्या जन्मात खूप पाहिले होते. परक्या देशाच्या फौजेत नोकरी करून यायचे, छातीवर दोन बिल्ले लावायचे आणि बायकोच्या पाठीवर घर लादून स्वतः काठी फिरवत पुढे चालायचे. तिचा बाप त्यातलाच. आता पिशवी विकली गेली नाही तरी चालेल, पण या म्हाताऱ्याला दोन शब्द ऐकवायचेच, असं तिने ठरवलं.

सहावी पिशवी आली. म्हाताऱ्याने शिवण पाहिली, बक्कल दाताखाली धरून पाहिलं. मग खांद्याचे पट्टे अंगठ्याने दाबत बसला. दाबून झाल्यावर पट्टा गालाला लावला, तोंड वाकडं केलं आणि पिशवी परत. सातवीत इंदिरमायाने तांदळाच्या पंचवीस-पंचवीस किलोंच्या दोन गोण्या आणि वर दोन किलो मीठ कोंबून ती आढ्याच्या आकड्याला टांगली. टाका हलला नाही. म्हाताऱ्याचं लक्ष पुन्हा पट्ट्यांवरच.

“गादी बरी आहे. खांदा कापणार नाही.”

“कोणाचा खांदा, हवालदारसाहेब? तुमचा तर मजेत दिसतोय.”

म्हाताऱ्याचे कान तेवढे लाल झाले. मग म्हणाला, आता तळाला दोन भोकं पाडून द्या. वीतभर रुंद.

नव्या कोऱ्या पिशवीला भोकं. इंदिरमायाने जुनमायाकडे पाहिलं. जुनमायाने शांतपणे मान डोलावली. काठ दुमडून शिवा, म्हणाली, घासायला नकोत.

भोकंच हवीत तर डोको घ्या की, इंदिरमाया म्हणाली. बांबूची टोपली, सगळी भोकंच. सगळा डोंगर त्यातूनच ओझी वाहतो.

“डोको नाही,” म्हातारा म्हणाला. या वेळी आवाजात हुकूम नव्हता.

तिने कात्री चालवली, मशीनवर काठ शिवले. जुनमायाने पिशवी उंच पायरीवर ठेवली, तोंड उघडलं आणि नवऱ्याच्या मांडीवरची शाल काढली. खाली दोन काटक्या होत्या आणि मधे सुजलेले, नवलकोलाच्या गड्ड्यांसारखे गुडघे. तिने त्याच्या काखेत हात घातले, गोणी उचलावी तसा त्याला उचलला आणि पिशवीत सोडला. तळाच्या भोकांतून एकेक पाय बाहेर आला. पायांत लखलखीत पॉलिश केलेले फौजी बूट.

इंदिरमायाने कात्री खाली ठेवली. माफी मागायची तिला सवय नव्हती. तिने नुसतं पुढे होऊन त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

“डोकोतून आजाऱ्यांना नेतात,” म्हातारा पिशवीतून म्हणाला. “नाहीतर मेलेल्यांना. त्यात बसून गेलो, तर वरचे म्हणतील, यादी बरोबरच होती.”

जुनमाया पिशवीला पाठ लावून बसली. पट्ट्यांत हात घातले. मग कमरेचा जुना नामलो सोडला, त्याचा दोर पिशवीखालून घेतला आणि पट्टा कपाळावर चढवला. जन्मभर ती ओझं असंच वाहत आली होती.

“तो कशाला? पट्टे आहेत ना? सकाळ घालवली मी त्या पट्ट्यांपायी.”

“असू दे दोन्ही.” तिने खांदे हलवून पाहिले. “मऊ आहेत,” ती म्हणाली, आणि काठीवर भार देऊन उठली.

बावन्न किलो बाजाराच्या वर गेले. छाती पुढे, बूट लोंबते.

“डावा पाय आधी, बुढी,” तिच्या मानेपाशी हुकूम सुटला.

जुनमायाने उजवा टाकला.